दिवाळी अंगावर येऊ नये म्हणून

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता माझे अनारसे हसले. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: तुपात सोडलेला अनारसा पसरत जातो, त्याला भोकं पडतात आणि बघता बघता कढईत नुसता चुरा तरंगायला लागतो. गूळ जास्त पडला होता, पीठ सैल झालं होतं. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, मग सुकवून, दळून, चाळून केलेलं पीठ. मी ओट्याला टेकून फरशीवर बसले आणि चक्क रडले. सासूबाई उठून आल्या. त्यांनी गॅस बंद केला, चमचाभर चुरा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे गं. सकाळी दुधात घालून खाऊ. झोप आता."

झोपायला एक वाजला. सकाळी डोळे उघडले तेव्हा गॅलरीत ऊन आलं होतं. वर्षभर जिची वाट बघायची ती पहाट मी झोपून घालवली होती. पहिली आंघोळ साडेआठला, उटणं न लावता, पाच मिनिटांत.

त्यानंतरच्या दिवाळ्यांमध्ये जे थोडंथोडं जमत गेलं ते क्रमाने लिहिते. मी नोकरी करते, डोंबिवलीला राहते, घरात चार माणसं. तुमचं घर वेगळं असेल, तेव्हा आकडे आपापल्या मापाने कमी-जास्त करा.

एक आधीच सांगते. दिवाळीत मनाला स्वस्थता हवी म्हणून बाहेरून काही आणावं लागत नाही. या सणाच्या प्रत्येक दिवसात थांबायची एकेक जागा आधीपासून ठेवलेली आहे. दारातली पणती, दक्षिणेकडे ठेवायचा दिवा, पहाटेचं तेल. आपण त्या जागांवर कामं रचून ठेवतो. म्हणून आधी कामं उचलायची आणि मग जागा राखायच्या. उलट करून पाहिलंय, जमत नाही.

कोजागरीला कागद घ्या

कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत बारा-एक दिवस हातात असतात. मसाला दूध आटतंय तोवर कागद-पेन घेऊन बसा, घरातल्या सगळ्यांना बसवा. तीन रकाने आखा: काम, कोण करणार आणि नाही केलं तर काय होईल.

पहिल्या वर्षी आमची ३१ कामं निघाली आणि त्यातल्या २४ कामांपुढे माझं नाव होतं. ते मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "अगं, मी मदत करतोच की." मदत करणाऱ्याला आठवण करून द्यावी लागते, आणि माझा निम्मा शीण त्या आठवण करून देण्यातच जायचा. तेव्हापासून कामं अख्खी वाटली जातात. दिवे, वाती, तेल, आकाशकंदील, उटणं, रांगोळीचे रंग हे सगळं त्याचं. मी विचारत नाही. एका वर्षी वाती आणायला तो विसरला आणि संध्याकाळी सहा वाजता औषधाच्या दुकानातला कापूस घेऊन मांडीवर वळत बसला होता. मला बोलायची फार इच्छा झाली. बोलले नाही. दिवे लागले.

तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. 'पडदे धुतले नाहीत तर?' यापुढे मुलीने लिहिलं होतं, 'पडदे मळके दिसतील'. बस, इतकंच. ज्या कामापुढे याहून मोठं संकट सुचत नाही ते खोडा. आमची नऊ कामं त्याच बैठकीत गेली.

साफसफाईला मर्यादा

फार वेळ घालवत नाही यावर, तुम्हीही घालवू नका. देवघर, ओटा, उंबरठा आणि पाहुणे बसतात ती खोली. रोज पाऊण तास, एका दिवशी एकच जागा. माळा दिवाळीत काढायचा नाही. माळ्यावर वर्षभर न लागलेल्या वस्तू असतात आणि त्यांच्याबद्दल निर्णय घेताना भांडणं होतात; ती मे महिन्यात करावीत.

फराळ: चारच पदार्थ

सगळी दमछाक इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

आजीच्या काळात दहा-दहा पदार्थ व्हायचे हे खरं, पण तेव्हा घरात हात किती होते तेही मोजा. शिवाय चकली-करंजी वर्षातून एकदाच दिसायची. आता जुलैतही पाकीट मिळतं. तेव्हा फराळाची यादी अशी करा: दोन पदार्थ ज्यावर तुमचा हात बसलेला आहे, एक जो चारचौघींत बसून करायचा, आणि एक जो अगदी सोपा. बाकीचं बचत गटाकडून किंवा घरगुती फराळ करणाऱ्या एखाद्या बाईंकडून आणा. विकतचं म्हणून कमीपणा मानू नका. तुमच्या अर्धा किलो अनारशांवर कोणाच्या तरी घरची दिवाळी उभी असते. ऑर्डर मात्र दसऱ्याच्या सुमारास द्या आणि पैसे आगाऊ द्या, कारण त्यांना डाळ-तूप आधी भरावं लागतं.

पुढच्यातलं जे तुमच्या यादीत असेल ते करण्याचा क्रम टिकण्यावरून ठरवा. शंकरपाळे आधी, कारण ते सहज पंधरा दिवस राहतात. दूध, साखर, तूप प्रत्येकी एक वाटी गरम करून विरघळवायचं, गार झालं की त्यात मावेल तेवढा मैदा. मग चकली. भाजणी महिनाभर आधीच करून ठेवता येते: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, वर मूठ-मूठ धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. सोऱ्यातून पाडतानाच चकली तुटत असेल तर पीठ अजून मळा, थोडं पाणी लावा. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, कोरडी भाजणी मिसळा. चिवडा सगळ्यात शेवटी, कारण तो एका संध्याकाळी होतो आणि मऊ पडतो तोही सगळ्यात आधी.

करंज्या एकटीने करायच्याच नाहीत. हा माझा नियम, पण जुन्या वाड्यांमध्ये हीच पद्धत होती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. एक लाटते, एक सारण भरते, एक कातण्याने कापते, एक तळते आणि एक नुसत्या गप्पा मारते. या पाचवीला हाकलू नका, तिच्यामुळेच बाकीच्या चौघी तीन तास बसतात. आमच्या मजल्यावरच्या तिघी आणि एका घरातले निवृत्त काका असे आम्ही एका रविवारी जमतो. काकांच्या करंजीची मुरड आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक येते, आणि हे ते वर्षभर विसरू देत नाहीत. करंज्यांबरोबर एक मोदक करायची रीत आहे, बहिणींना भाऊ म्हणून. तो मोदक कोणाच्या घरी जाणार यावरून दरवर्षी वाद होतो.

आणि बेसनाचे लाडू. हे मी मुद्दाम माझ्याकडे ठेवलेत. चार वाट्या जाडसर बेसन, पावणेदोन वाट्या तूप, मंद आच. बेसन टाकल्यावर पहिली दहा मिनिटं उलथनं जड जातं, पीठ ओल्या वाळूसारखं ओढत राहतं. हात दुखायला लागतो. मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, ते हलकं होतं. तूप सुटायला लागतं, कडेने बारीक बुडबुडे येतात. कच्चा वास जातो आणि जिन्यातून वर येणारी माणसं "लाडू का?" विचारायला लागतात. शेवटी दुधाचा हबका मारला की फस्सकन फेस येतो आणि रवाळपणा धरतो. कोमट झाल्यावर दोन-सव्वादोन वाट्या पिठीसाखर.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात दुसरं काहीही करता येत नाही. फोन उचलला की बेसन लागलं. म्हणून मी फोन आतल्या खोलीत ठेवते आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. वर्षभरात इतका वेळ एका जागी उभी राहून एकाच गोष्टीकडे मी क्वचितच बघते. तुम्हाला लाडू येत नसतील तर रांगोळी घ्या, फुलांच्या माळा घ्या. असं एक काम स्वतःसाठी निवडा ज्यात हात गुंतलेले असतील आणि डोकं मोकळं, आणि ते कोणाला वाटून देऊ नका.

आभार: पैसे आधी, शब्द मग

मराठी माणसाला आभार मानणं जड जातं. 'धन्यवाद' म्हटलं की सभा संपल्यासारखं वाटतं. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. आणि घरातल्या माणसाला 'थँक्यू' म्हटलं की तो विचारतो, "काय झालं?" त्यामुळे आपण मनातल्या मनात कृतज्ञ राहतो, जे समोरच्याला कळत नाही.

आधी पैशाचं बघू. घरकाम करणाऱ्या ताई, इमारतीचे वॉचमन, कचरा नेणारे, पेपरवाला. बोनस कायद्याने कामगारांसाठी किमान ८.३३ टक्के बोनस ठरवला. हा विचित्र आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिना. घरकामाला तो कायदा लागू झाला नाही, पण माप म्हणून तो वापरायला कोणी अडवलेलं नाही. वर्षभर रोज येणाऱ्या बाईंना एक महिन्याचा पगार द्या, आणि वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी द्या. आमच्या ताईंनीच एकदा सहज सांगितलं, "लक्ष्मीपूजनाला पाकीट मिळालं की पोरांचे कपडे भाऊबीज झाल्यावर येतात." वीस वर्षं लक्ष्मीपूजनाला पाकीट देणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. आणि दोन दिवस भरपगारी सुट्टी, कोणते ते त्यांनी ठरवायचे.

मग शब्द. सामूहिक शुभेच्छांचे संदेश मी बंद केलेत. पणतीचं हलतं चित्र दोनशे जणांना पाठवून कोणाच्या पोटात काही हललेलं मी पाहिलं नाही. त्याऐवजी पाच माणसं निवडते आणि धनत्रयोदशीच्या आधी रोज एकाला फोन करते. फोनमध्ये एकच ठरावीक गोष्ट सांगायची: त्यांनी केलेली, नेमकी, तारीखवार. "तुमचे फार उपकार आहेत" असं म्हटलं की समोरचा अवघडतो. "मार्चमध्ये बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही रात्री दोनला गाडी काढली होती, ते आज आठवलं" असं म्हटलं की तो म्हणतो, "अहो त्यात काय," आणि मग दहा मिनिटं आपणहून बोलत राहतो. यादीत एक जुने शिक्षक असू द्या. त्यांना फोन येईल असं वाटलेलं नसतं.

सहा दिवस, सहा जागा

आता मुद्द्याकडे. प्रत्येक दिवसाची एकच जागा राखायची, बाकी दिवस कसाही जाऊ दे.

वसुबारस, अश्विन वद्य द्वादशी. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. शहरात गाय मिळत नाही आणि मिळाली तर तिच्याभोवती गर्दी. आम्ही त्या संध्याकाळी दारात पहिली पणती लावतो आणि ती विझेपर्यंत उंबरठ्याजवळ बसतो. पणतीत तेल बेताचं घालायचं, वीस मिनिटांत संपेल इतपत. ही युक्ती सासूबाईंची.

धनत्रयोदशीला सोन्याच्या दुकानात रांग असते, जायचं त्याने जावं. माझी जागा संध्याकाळची: कणकेचा दिवा, यमासाठी, ज्योत दक्षिणेकडे करून. वर्षभर ती दिशा आपण टाळतो. दिवाळीच्या ऐन सुरुवातीला मृत्यूचं नाव घेऊन दिवा लावायचा ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस फार थोर असला पाहिजे. आम्ही त्या दिव्यापाशी त्या वर्षात गेलेल्यांची नावं घेतो. नैवेद्य धणे आणि गुळाचा. मग जेवण साधं, मुगाची खिचडी. रात्री साडेनऊला स्वयंपाकघर बंद. दुसऱ्या दिवशी काही तळायचं राहिलं असेल तर ते राहिलंच. कधीकधी त्रयोदशी आणि चतुर्दशी एकाच दिवशी येतात, तेव्हा हा नियम एक दिवस अलीकडे घ्या. पंचांग आधी बघून ठेवा.

नरकचतुर्दशी. या पहाटेसाठीच बाकी सगळा खटाटोप. तयारी रात्रीच करून ठेवा: वाटीत तिळाचं तेल, उटणं, नवा साबण कागद न फोडता (मोतीचाच लागतो, त्याचा वास आल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी झाल्याचं कोणी मान्य करत नाही), कपडे, ओवाळायचं ताट. गजर साडेचारचा. तेल कोमट करून एकमेकांना लावायचं, घाई न करता. मोठी झालेली मुलं एरवी अंगाला हात लावू देत नाहीत. या एका पहाटे पेंगुळलेली मान तुमच्या हातात असते. डोक्यावर तेल थापताना, पाठीला चोळताना मी काही बोलत नाही. बाहेर काळोख, कोणाच्या तरी गॅलरीत कंदील, एखादी लवंगी फुटते आणि परत शांत होतं. आंघोळ अर्ध्यावर असताना, अंगावरचं उटणं पूर्ण धुवायच्या आधी ओवाळणी. मग कोकणातल्यासारखं कारीट, ते छोटं कडू रानफळ, पायाखाली फोडायचं, मिळालं तर. गोव्यात त्या पहाटे नरकासुर जाळतात आणि मग घराघरांत पोह्यांचे चार-पाच प्रकार, दुधातले, ताकातले, गुळाचे. माझी गोव्याची मैत्रीण म्हणते की तुमच्या फराळापेक्षा हे बरं, आणि दरवर्षी चकली तळताना मला तिचं म्हणणं पटतं.

दिवाळी पहाटच्या मैफलीला जायचं असेल तर एकच, आणि घरातली पहाट न मोडता. पाडव्याची निवडा.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात. पैशाच्या आणि वहीच्या शेजारी झाडू, त्याला हळद-कुंकू. मी तिथे दोन मिनिटं बसून वर्षभर झाडू हातात धरणाऱ्यांची आठवण काढते. लाह्या-बत्ताशांचा प्रसाद त्या रात्री वॉचमनकाकांना गरम चहाबरोबर खाली नेऊन देतो, कारण सगळी इमारत पूजेत असते तेव्हा ते गेटवर एकटे असतात.

पाडवा. ओवाळणीत काय मिळालं यावरून विनोद भरपूर झालेत. आमच्याकडे ओवाळून झाल्यावर नवरा-बायको दोघंच चालायला जातो, खाडीच्या बाजूला, फराळाची पुडी घेऊन.

भाऊबीजेला प्रवास असतो, ट्रॅफिक असतं, दोन घरांची जेवणं असतात. एका दिवसात दोन्ही घरं उरकायचा हट्ट सोडा. भाऊ परगावी असेल तर चंद्राला ओवाळायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहेच. आणि महर्षी कर्वे यांच्या स्त्री शिक्षण संस्थेची भाऊबीज निधीची जुनी परंपरा आहे. नात्यातल्या ओवाळणीतला थोडा भाग अनोळखी मुलीच्या शिक्षणाला जातो ही मला या सणातली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

ज्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही

घरात कोणी गेलं असेल तर त्या वर्षी कढई ठेवत नाहीत, शेजारी-नातेवाईक फराळ आणून देतात. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्याकडे अकरा डबे आले. तेव्हा कळलं की डबा देणारे लोक दारातूनच निघून जातात, काय बोलावं ते न सुचून. तुम्ही डबा नेलात तर बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी खोड सांगा. माझ्या जावेने त्या वर्षी सोफ्यावर बसकण मारून सासूबाई चिवड्यातले काजू कसे वेचून खायच्या ते सांगितलं. तोवर तीन दिवस मी हसले नव्हते.

आणि दुःख ताजं असेल तर स्वतःवर सणाची सक्ती करू नका. एक पणती पुरते.

उरलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत

भाऊबीजेला सगळं संपवायची घाई कशासाठी? कार्तिकी एकादशीनंतर पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं असतात, कोकणात पुढे देवदिवाळी. फराळाला बोलावणं, मित्रांना भेटणं, राहिलेल्या आत्या-मावश्या हे सगळं त्या दिवसांत ढकला. तेव्हा सगळे मोकळे असतात, आणि चिवडा संपलेला असल्यामुळे कांदेपोह्यांवर भागतं.

दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण मराठी माणसं फराळाबरोबर वाचायचं असतं असं धरून चाललोय. पण पाच अंक आणून पाचही चाळले तर काहीच हाती लागत नाही. एकच आणा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रजा टाका, घरात कोणी नसेल अशी. एक कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. मला वर्षभरात काही लिहावंसं, शिकावंसं वाटलं असेल तर ते बहुतेक त्या दुपारी.

मुलं लहान असतील तर किल्ला. तो मात्र आधी करावा लागतो: वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी माती, दगड, पोतं, आणि उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची म्हणजे ऐन दिवाळीत हिरवळ येते. रोज सकाळी कोंब किती आले ते बघायला मुलं दात घासायच्या आधी खाली पळतात. मोठ्यांनीही जावं. माझी मुलगी आता नोकरीला लागली, तरी गेल्या वर्षी सोसायटीतल्या पोरांना बुरुज कसा उभा करायचा ते दाखवायला चिखलात बसली होती, ऑफिसच्या कपड्यांत.

शेवटचं काम डब्यांचं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ओट्यावर लोकांचे डबे साठलेले असतात. झाकणांवर नावाच्या चिकटपट्ट्या, काहींची झाकणं अदलाबदल झालेली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, निदान मूठभर साखर घालायची. एका दिवसात दोन, असे आठवडाभर परत करत फिरा, म्हणजे प्रत्येक दारात पाच मिनिटं होतात. माझ्याकडे अजून एक स्टीलचा डबा आहे, निळ्या पट्टीचा, त्यावरचं नाव पुसलं गेलंय. कोणाचा आहे ते विचारत मी दरवर्षी चार मजले चढते.